लाकडी बदकांसाठी सीडर: निवड, सुकवण आणि साठवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे आणि नवी मुंबईत बसून पक्षी कोरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पटाशीला धार कशी लावावी, पिसं कशी उठवावीत, हे इथे नाही. त्याआधीचा टप्पा इथे आहे: लाकूड कोणतं घ्यायचं, किती वाळलेलं घ्यायचं आणि खाडीकाठच्या या दमट हवेत ते कसं सांभाळायचं. कोरीवकामातली निम्मी नुकसानी पटाशी हातात घेण्याआधीच झालेली असते, आणि ती बहुतेक वेळा लाकडातल्या पाण्यामुळे होते.

डिकॉय म्हणजे नक्की काय? आपल्याकडे ते बनवायला परवानगी आहे का?

डिकॉय म्हणजे खऱ्या पक्ष्यांना भुलवून जवळ आणण्यासाठी केलेला खोटा पक्षी. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली बोरूसारख्या पाणगवताची बदकं सापडली, ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पुढे तिथल्या पूर्व किनाऱ्यावर लाकडी डिकॉय कोरण्याची परंपरा वाढली आणि आज ती लोककला म्हणून जपली जाते.

आपल्याकडे शोभेसाठी, अभ्यासासाठी, शाळेत किंवा प्रदर्शनात दाखवण्यासाठी लाकडी पक्षी कोरायला काहीच हरकत नाही. तो पाण्यावर सोडून पक्षी पकडणं किंवा मारणं हा मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. त्या कायद्यात सापळा लावणं आणि आमिष दाखवणंही शिकारीतच मोडतं. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कोरलेलं बदक "तरंगतं का बघू" म्हणून खाडीत किंवा पाणथळीत सोडू नका. घरी पाण्याने भरलेल्या टबात बघा.

सगळे सीडरचंच लाकूड का सांगतात?

चार गुणांमुळे. सीडर हलकं असतं, त्याची रेषा (तंतूंची दिशा) सरळ असते, सुकताना ते कमी आकसतं, आणि पक्कं लाकूड (खोडाचा आतला गडद भाग) कुजायला दाद देत नाही. पाण्यात राहणाऱ्या वस्तूला याहून जास्त काय हवं? अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या बार्नेगॅट उपसागराकाठचे कारागीर तिथल्या दलदलीत वाढणाऱ्या पांढऱ्या सीडरचे दोन तुकडे आतून कोरून, जोडून पोकळ बदकं करत. ती पद्धत आपल्या हवेलाही उत्तम मानवते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेतले पांढरे आणि तांबडे सीडर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सीडर नाहीतच, ते सायप्रसच्या कुळातले आहेत. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार. पण देवदार जड आणि तेलकट आहे. नाव एक असलं तरी पटाशीखाली ही दोन लाकडं अगदी वेगळी वागतात.

वखारीत "देवदार" मागितलं आणि मिळालं. मग ते चालेल ना?

आधी ते देवदार आहे का बघा. आपल्याकडे "देवदारी खोकं" हा शब्द इतका रुळलाय की खोक्याच्या कुठल्याही पांढरट, स्वस्त फळीला देवदार म्हणतात. ती फळी बहुतेक वेळा आयात केलेला पाइन किंवा स्प्रूस असते. दुकानदार फसवत नसतो, त्याच्या बोलीत ते देवदारच.

ओळखायचं कसं? फळीचं टोक रंध्याने किंवा कटरने ताजं करा आणि वास घ्या. खऱ्या देवदाराला तीव्र, गोडसर, तेलकट वास असतो, हाताला लागला तर बराच वेळ राहतो. पाइनला टर्पेंटाइनसारखा वास येतो आणि गाठींपाशी चिकट राळ असते. देवदाराचं पक्कं लाकूड पिवळसर तपकिरी असतं. पाइन पिवळट पांढरा दिसतो आणि त्याच्या रेषा ठळक, आलटून पालटून कडक-मऊ असतात. नखाने आडवं खरवडलं की पाइनमध्ये नख पायऱ्यांवरून गेल्यासारखं अडखळतं. कोरताना पटाशी नेमकी तशीच अडखळते, मऊ पट्ट्यात घुसते आणि कडक पट्ट्यावर घसरते.

इथे सीडर मिळतं तरी कुठे?

कॅनडातलं तांबडं सीडर, म्हणजे वेस्टर्न रेड सीडर, भिंतीवरचं क्लॅडिंग, छताची पट्टी आणि सौनाच्या खोल्या यांसाठी आयात होतं. आयात लाकडाचे व्यापारी आणि क्लॅडिंगचं काम करणारे ठेकेदार यांच्याकडे चौकशी करा. रे रोडच्या वखारींत, भिवंडीच्या गोदामांत आणि तुर्भे-तळोजा पट्ट्यातल्या लाकडाच्या दुकानांत विचारताना "सीडर आहे का" एवढंच म्हणू नका. "वेस्टर्न रेड सीडर, भट्टीत सुकवलेलं, क्लॅडिंगचे उरलेले तुकडे" असं नेमकं सांगा. ठेकेदाराकडे उरलेले दोन-तीन फुटी तुकडे त्याला अडगळ असतात आणि बदकाला पुरून उरतात.

अडचण जाडीची येते. क्लॅडिंगची पट्टी पाऊण ते दीड इंचाची असते, एकसंध चार इंची ठोकळा सहसा मिळत नाही. त्याने बिघडत काही नाही. फळ्या चिकटवून केलेला ठोकळा इथल्या हवेत एकसंध ठोकळ्यापेक्षा चांगला टिकतो.

"तुणी" किंवा "तून" हे लाकूडही कोणी सीडर म्हणून देईल. ऑस्ट्रेलियात त्याला रेड सीडरच म्हणतात. ते रुंदपर्णी झाडाचं लाकूड आहे, तांबूस आणि मध्यम वजनाचं. कोरायला चांगलं आहे, फक्त सीडरच्या भावाने घेऊ नका.

फळी हातात आल्यावर काय काय बघायचं?

सगळ्यात आधी दोन्ही टोकं बघा, पृष्ठभाग नंतर. टोकावर वार्षिक कड्यांच्या, म्हणजे झाडाच्या दर वर्षीच्या वाढीच्या वर्तुळांच्या, कमानी दिसतात. कमानींचं केंद्र, म्हणजे खोडाच्या मधोमधचा बिंदू, फळीतच आला असेल तर ती घेऊ नका. तो भाग आज ना उद्या चिरतोच. लाकूड कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राकडे आकसतं. तांबड्या सीडरमध्ये हे प्रमाण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सुमारे ५ टक्के आणि २.४ टक्के आहे. केंद्राभोवती पूर्ण वर्तुळ असलं की या दोन आकुंचनांची ओढाताण होते आणि भेगेशिवाय त्या लाकडाची सुटका नसते.

मग ही वार्षिक कडी मोजा. एका इंचात आठ ते वीस कडी असतील तर उत्तम. चार-पाचच असतील तर झाड फार वेगाने वाढलेलं आहे आणि असं लाकूड कोरताना कापसासारखं फुसफुसतं, पिसाची कड उभी राहत नाही.

टोकाच्या केसासारख्या बारीक चिरा किती आत गेल्यात तेही बघा. बोट ओलं करून टोकावर फिरवा, पाणी चिरेत आधी शोषलं जातं आणि चीर काळी उठून दिसते. फळीच्या कडेने तिचा माग काढा. दोन इंचांपेक्षा आत गेली असेल तर तेवढी लांबी हिशेबातून वजा करा आणि पैसेही.

गाठ घट्ट असेल, भोवतीच्या लाकडाशी एकजीव असेल, तर ती पोटाकडे टाकून चालवता येते. काळं वर्तुळ असलेली गाठ सुटी असते, ती निखळते. चोच, मान आणि शेपटी जिथे येणार तिथे गाठ नकोच.

शेवटी फळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून कड बघा. वाक असेल तर तुकडे लहान असल्याने निभावतं. पीळ असेल, म्हणजे चार कोपऱ्यांपैकी एक वर उचललेला असेल, तर सोडून द्या. पिळलेली फळी रंधून सरळ केली तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिळते.

एका बदकाला किती लाकूड लागतं?

थापट्यासारख्या मध्यम बदकाच्या धडाला १४ × ६.५ × ४.५ इंचांचा ठोकळा आणि डोक्याला वेगळा ६ × ३.५ × २.५ इंचांचा तुकडा धरा. हळदी-कुंकू बदक किंवा तलवार बदक मोठं असतं, धडाची लांबी दोन-तीन इंच वाढवा. अडई लहान, तिला १२ इंच पुरतात. डोकं नेहमी वेगळं, कारण त्याची रेषा चोचीच्या लांबीत धावली पाहिजे. आडव्या रेषेची चोच पहिल्या धक्क्यालाच तुटते.

वखारीत भाव घनफुटाचा असतो. रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागा. ८ इंच रुंद, २ इंच जाड, ६ फूट लांब फळी म्हणजे ९६ भागिले १४४, म्हणजे ०.६७ घनफूट. वरच्या मापाचे चार ठोकळे कागदावर एका घनफुटात बसतात. कापणी, रंधा आणि टाकाऊ टोकं धरून तीन म्हणा.

पॅलेट फोडून मिळालेलं लाकूड चालतं का?

सरावाला चालतं. रबाळे, महापे, तुर्भे भागात आणि जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) आसपास आयात मालाची पॅलेट, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटी, भंगारात भरपूर येतात. त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि त्याशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. "एचटी" म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय. "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलीय, असं लाकूड घेऊ नका. शिक्काच नसेल किंवा तेल, रसायनाचे डाग असतील तरी नको.

"एचटी" पाहून लाकूड वाळलेलं आहे असं समजू नका. तापवणं किडीसाठी असतं, सुकवण्यासाठी नव्हे. तापवलेलं पॅलेट यार्डात दोन पावसाळे भिजलेलं असू शकतं. आणि खिळे सगळे निघाल्याशिवाय त्यावर करवत धरू नका, लोहचुंबक फिरवून खात्री करा.

सीडर मिळालंच नाही तर जवळचं काय?

आमची पहिली पसंती शिवण. ती सीडरपेक्षा थोडी जड असते, पण एकदा वाळली की हलत नाही. रेषा शांत असते आणि बारीक पिसंही धरते. सावर सीडरइतकीच हलकी असते, मात्र तिचे तंतू भरड असल्याने तपशिलाला कमी पडते. शिवाय कापल्यावर काही दिवसांत वाळायला लावली नाही तर निळी पडते आणि किडा लागतो. पांगारा हलका, मऊ आणि कोरायला सोपा आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमध्ये तो वापरला जात आलाय. पहिल्या दोन-चार बदकांसाठी पांगारा घ्या, हात बसल्यावर शिवणीकडे वळा.

सोसायटीतलं पडलेलं झाड उचलता येईल का?

लेखी परवानगीशिवाय नाही. शहरी हद्दीतल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. आधी सोसायटीची कमिटी, मग महापालिकेचं उद्यान खातं. परवानगी मिळाली तर ओंडक्याची टोकं त्याच दिवशी सील करा, मधला बिंदू निघून जाईल असा ओंडका उभा चिरून घ्या आणि सालही काढून टाका. सालीखाली किडा आणि बुरशी दोन्ही वाढतात.

कोरायला घेताना लाकडात ओलावा किती हवा?

ठाणे-नवी मुंबईत ११ ते १३ टक्के. हा आकडा हवेवरून येतो. लाकूड ज्या हवेत राहतं तिच्या आर्द्रतेशी जुळवून घेतं. आपल्याकडच्या तापमानाला हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावतं. ८० टक्क्यांना जवळपास १६, ८५ टक्क्यांना १७-१८. सतत एसी चालणाऱ्या ऑफिसात, ५० टक्के आर्द्रतेला ते ९ च्या आसपास येतं.

याचा प्रत्यक्ष परिणाम बघा. १६ सेंटिमीटर रुंद, तांबड्या सीडरचं धड, वार्षिक कडी रुंदीला समांतर. फेब्रुवारीत १२ टक्के आणि ऑगस्टमध्ये १७ टक्के धरलं तर ते सव्वा मिलिमीटरहून थोडं जास्त फुगतं. त्याच मापाच्या, पण कडी उभी असलेल्या ठोकळ्यात हाच फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. डोळ्याच्या खाचेत घट्ट बसवलेला काचेचा डोळा किंवा मानेचा सांधा यांना सव्वा मिलिमीटर फार होतो.

बदक एसी ऑफिसात किंवा पुण्यासारख्या कोरड्या गावी जाणार असेल तर ९-१० टक्क्यांपर्यंत सुकवूनच कोरा. ओलं कोरून कोरड्या जागी पाठवलं की भेग महिन्याभरात दिसते.

ओलावा मोजायचा कसा? मीटर नसेल तर?

दोन पिनांचा ओलावा-मीटर स्वस्तातला असला तरी उपयोगी पडतो, फक्त त्याच्या आकड्याला देववाणी मानू नका. पिना वरच्या पाच-सात मिलिमीटरचंच मोजतात. जाड ठोकळ्याचा पृष्ठभाग १२ दाखवतो आणि पोट २० असतं. म्हणून फळीच्या टोकापासून किमान फूटभर आत ताजा काप घेऊन त्या कापावर मोजा. मीटरवर लाकडाच्या जातीची निवड असेल तर मऊ लाकडाची वापरा.

मीटरपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि ओटीजी (घरचा विजेचा ओव्हन). फळीच्या मधून बोटभर जाडीचा आडवा काप काढा, लगेच वजन करा. ओटीजीत १०३ अंशांच्या जवळ ठेवा आणि दोन-दोन तासांनी वजन घ्या. सलग दोन वजनं सारखी आली की लाकूड पूर्ण कोरडं झालं. समजा आधी ५८ ग्रॅम होतं आणि शेवटी ४९. फरक ९, त्याला कोरड्या वजनाने म्हणजे ४९ ने भागा: १८.४ टक्के. अजून बरेच दिवस थांबायचंय. भागाकार ओल्या वजनाने करू नका, आकडा कमी येतो आणि माणूस घाई करतो. ओटीजी चालू असताना तिथून हलू नका.

काप काढायची इच्छा नसेल तर नुसत्या वजनावरही अंदाज बांधता येतो. ३५ × १६ × ११ सेंटिमीटरचा ठोकळा वाळलेल्या तांबड्या सीडरचा असेल तर सव्वादोन किलोच्या आसपास, शिवणीचा तीनच्या थोडा वर, देवदाराचा साडेतीनच्या जवळ. सीडर म्हणून घेतलेला त्या मापाचा ठोकळा तीन किलो भरला तर तो ओला आहे किंवा सीडर नाही.

खरेदीला चांगला महिना कोणता?

जानेवारी ते मार्च. वखारी उघड्या शेडमध्ये असतात, त्यामुळे तिथलं लाकूडही तेव्हाच सर्वात कोरडं असतं. जुलैत भट्टीत सुकवलेलं म्हणून घेतलेली फळी शेडमध्ये महिनाभर पडून पुन्हा १६-१७ वर आलेली असू शकते. घरी आणल्यावर, जिथे कोरणार त्याच खोलीत, तीन-चार आठवडे पट्ट्यांवर रचून ठेवा आणि मगच करवत लावा.

फळ्या रचायच्या कशा?

जमिनीपासून किमान फूटभर वर, भिंतीपासून दोन इंच सुटं. प्रत्येक थरामध्ये पाऊण इंच जाडीच्या, कोरड्या, एकाच मापाच्या पट्ट्या, दर दीड फुटावर. दोन टोकांना प्रत्येकी एक पट्टी हवीच. खालपासून वरपर्यंत पट्ट्या एकाच उभ्या ओळीत याव्यात. ओळ चुकली की वरचं वजन फळीच्या अधांतरी भागावर पडतं आणि ती तशीच वाकलेली वाळते. पट्ट्या ओल्या किंवा रंगीत लाकडाच्या असतील तर फळीवर आडवे डाग उमटतात, आणि हे डाग आत जातात, रंध्याने निघत नाहीत. सगळ्यात वर चार-पाच किलो वजन ठेवा.

प्रत्येक फळीवर पेन्सिलीने लाकडाची जात, आणल्याची तारीख आणि वजन लिहा. दर रविवारी एकाच फळीचं वजन घ्या. सलग तीन आठवडे ते बदललं नाही, तर त्या ऋतूपुरतं लाकूड स्थिर झालं.

फ्लॅटमध्ये एवढी जागा कुठून आणायची?

बेडरूमचा माळा चालतो, कारण वर हवा उबदार आणि कोरडी असते. बाथरूमला लागून असलेली भिंत, गॅलरीचा पावसाच्या बाजूचा कोपरा आणि एसीच्या झोतासमोरची जागा या तीन जागा टाळा. पलंगाखालचा बॉक्स वाळलेल्या लाकडाला ठीक आहे, ओल्याला नाही, तिथे हवा खेळत नाही. जिन्यात किंवा मजल्याच्या पॅसेजमध्ये ठेवू नका, आगीच्या वेळी तीच वाट असते.

वाशी, ऐरोली, बेलापूरसारख्या ठिकाणी खिडकी थेट खाडीकडे उघडत असेल तर त्या खिडकीत लाकूड ठेवू नका. खारी हवा हत्यारांना गंज चढवते, आणि गंज सीडरला काळं करतो. ते पुढे सांगितलंय.

पावसाळ्यात काय करायचं?

मार्चअखेरीपर्यंत लाकूड सर्वात कोरडं असतं, तेव्हाच बंदोबस्त करा. पट्ट्यांवरची रचना मोडा, फळ्या एकमेकींना चिकटवून गठ्ठा बांधा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्लास्टिकचे जोड टेपने बंद करा. सुकवताना हवा खेळावी लागते. सुकल्यावर, पावसात, तीच हवा पाणी घेऊन येते. हा फरक न कळल्याने दर वर्षी चांगलं लाकूड वाया जातं. जूनमध्ये खिडक्या उघडून "हवा लागू दे" म्हणणं म्हणजे लाकडाला पाणी पाजणं.

ही गुंडाळी फक्त १३ टक्क्यांखालच्या लाकडाला. ओलं लाकूड प्लास्टिकमध्ये बांधलं तर आठवड्याभरात आत पाण्याचे थेंब आणि पंधरा दिवसांत बुरशी. ओल्या लाकडाला पावसातही पट्ट्यांवरच ठेवा आणि पंखा हळू फिरवत ठेवा. तेव्हा ते १७ टक्क्यांच्या खाली येणार नाही, पण कुजणारही नाही. उरलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात उतरू लागतं.

कोरीवकामाची खोली वेगळी असेल तर एक आर्द्रतामापक टांगा आणि डिह्युमिडिफायर ६० टक्क्यांवर लावा. सिलिका जेलच्या पुड्या लाकडाच्या गठ्ठ्यापुढे काहीच नाहीत, त्या पटाश्यांच्या डब्यात टाका.

गच्चीवर उन्हात टाकलं तर लवकर वाळेल ना?

वरचा थर वाळेल, पोट ओलं राहील. वरचा थर आकसू बघतो, आतला त्याला आकसू देत नाही, मग वर चिरा पडतात. एप्रिल-मेमध्ये तर दुपारच्या दोन तासांतही. सावली आणि वारा, एवढंच लाकडाला हवं असतं.

टोकं सील करायला काय वापरायचं?

टोकातून पाणी कडेपेक्षा कितीतरी पट वेगाने निघतं, म्हणून टोक आधी चिरतं. वितळवलेलं मेण उत्तम. नाहीतर ऑइल पेंटचे किंवा घट्ट फेव्हिकॉलचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. कापल्यापासून काही तासांत लावा. चीर दिसायला लागल्यावर लावून फायदा नाही. फळीचे तुकडे केले की नव्या टोकांनाही लावा.

एकसंध ठोकळा चांगला की जोडलेला?

आपल्या हवेत जोडलेला, आणि शक्य असेल तर पोकळ. साडेचार इंची एकसंध ठोकळ्याचं पोट इथे दोन वर्षांतही वाळेल याची खात्री नसते. सव्वादोन इंचाच्या दोन फळ्या, किंवा दीड इंचाच्या तीन, लवकर आणि सारख्या वाळतात.

जोडताना टोकाच्या कमानींकडे लक्ष द्या. फळी वाळताना सालीकडच्या बाजूला वाकते, म्हणजे तिच्या कडा सालीच्या दिशेने उचलल्या जातात. म्हणून दोन्ही फळ्यांच्या सालीकडच्या बाजू एकमेकींसमोर ठेवा. टोकाकडून बघितलं की वरच्या फळीतली कमान सरळ ठेवलेल्या वाटीसारखी, खालची पालथ्या वाटीसारखी, आणि दोघींचे तळ एकमेकांना टेकलेले दिसले पाहिजेत. पुढे लाकूड थोडं आकसलं तरी कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि सांधा मिटलेला राहतो. उलट जोडलं तर बाहेरून दिसणारी फट पडते.

दोन फळ्यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. १५ टक्क्यांहून जास्त ओलावा असेल तर चिकटवूच नका. पाण्याला टिकणारा, मरीन दर्जाचा गोंद घ्या आणि रंध्याने दोन्ही बाजू त्याच दिवशी ताज्या करा.

पोकळ करायचं असेल तर धड बाहेरून जवळपास पूर्ण कोरून झाल्यावर आतून पोखरा. भिंत १८ ते २० मिलिमीटर ठेवा, छातीच्या पुढे आणि मानेखाली थोडी जास्त, कारण तिथे डोकं बसतं. शोभेच्या बदकाला पोटाखाली ३ मिलिमीटरचं एक छिद्र द्या. खिडकीतल्या उन्हाने आतली हवा फुगते, छिद्र नसेल तर ती सांध्यातून वाट काढते.

सीडरवर काळे-निळे डाग पडलेत, काय झालं?

रंगावरून आणि जागेवरून कारण ओळखता येतं. क्लॅम्पच्या, खिळ्याच्या किंवा गंजक्या पटाशीच्या ठिकाणी निळसर काळा डाग असेल तर ती लोखंडाची करामत. तांबड्या सीडरमधली द्रव्यं ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावतात. खिळे, स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा, क्लॅम्पखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवा, आणि ओल्या हाताने पटाशी ठोकळ्यावर ठेवून उठू नका.

वर पांढरी किंवा हिरवट लव असेल तर ती बुरशी, पुसून, रंधून जाते. रेषेच्या दिशेने आत गेलेले राखाडी-निळे पट्टे सावर, पाइनमध्ये दिसतात. तीही बुरशीच, पण ती आत रुजलेली असते. ताकदीला तितकासा धोका नसतो. गडद पंखाखाली ते लाकूड खपवा, थापट्याच्या पांढऱ्या छातीला नको.

देवदार, सीडरला वाळवी लागत नाही म्हणतात, खरं का?

पक्क्या लाकडापुरतं बरंचसं खरं. बाहेरचा फिका, कच्चा भाग कुठल्याही लाकडाइतकाच कीडप्रवण असतो. भुसा पाडणारा बारीक भुंगा सीडरकडे फिरकत नाही, त्याला सावर, आंबा, पांगारा यांच्या कच्च्या भागातलं पिठूळ सत्त्व हवं असतं. फळीखाली मैद्यासारखी बारीक पूड आणि टाचणीएवढी छिद्रं दिसली की ती फळी त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर करा.

अशा लाकडांना कापल्या कापल्या, ओली असतानाच, बोरिक द्रावण द्या: एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड. फळी बुडवा, नंतर प्लास्टिकखाली दोन-तीन आठवडे झाकून ठेवा म्हणजे द्रावण आत झिरपेल, मग पट्ट्यांवर सुकवा. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा. पाण्यात हे क्षार धुऊन जातात, म्हणून बाहेर किंवा पाण्यात राहणाऱ्या कामाला त्याचा भरवसा नाही.

अर्धवट कोरलेलं बदक महिनाभर तसंच राहिलं तर?

नव्या उघड्या पृष्ठभागांतून ओलावा ये-जा करतो, आणि रात्री एसी, दिवसा बंद खोली असेल तर रोज. काम थांबवताना लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात फिरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत सैल बांधून ठेवा. पुन्हा सुरू करताना तो थर पटाशीखाली सहज निघतो. पावसाळी दिवशी लाखेचा हात दुधाळ पांढरा पडतो. ते हवेतलं पाणी असतं, कोरड्या दुपारी स्पिरिटचा हलका हात दिला की बहुधा जातं.

भेग पडलीच. लांबी (पुट्टी) भरू?

लगेच नको. फेब्रुवारीत भेग सर्वात रुंद असते. तेव्हा कडक लांबी ठासून भरली तर जुलैत फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही, आणि ते शेजारी नवी भेग पाडतं. जुलैत भरली तर फेब्रुवारीत पुन्हा उघडते. बदक वर्षभर घरच्या हवेत राहू द्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच लाकडाची पातळ पाचर, रेषा जुळवून, गोंदाने बसवा. वाळल्यावर पटाशीने सपाट करा. लाकडाला लाकूडच साथ देतं.

रंगाखालून पिवळे, तेलकट ठिपके वर येतात.

लाकूड देवदार असावं, त्याचं तेल रंगातून बाहेर येतं. याच कारणाने रंगकामाला देवदार नापसंत असतो. ठिपके आलेला रंग खरवडा, स्पिरिटने पुसा, लाखेच्या सीलरचे दोन हात द्या आणि मग रंगवा. नुसता आणखी एक रंगाचा हात दिला तर ठिपका पुन्हा येतो. तांबड्या सीडरमधून पाण्याच्या रंगाखाली तपकिरी छटा झिरपते, तिलाही हाच उपाय.

सीडरच्या भुशाने त्रास होतो का?

होतो, आणि हे हलक्यात घेऊ नका. तांबड्या सीडरमध्ये प्लिकॅटिक ॲसिड असतं आणि त्याच्या बारीक धुळीमुळे कारागिरांना दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात पक्क्या आहेत. त्रास कधी कधी काम संपल्यावर काही तासांनी, रात्री खोकला आणि छातीत घरघर अशा रूपात येतो, म्हणून त्याचा लाकडाशी संबंध लवकर लक्षात येत नाही. पटाशीचे जाड कीस फारसे त्रासाचे नसतात. पॉलिश पेपर आणि फिरत्या यंत्राची पिठासारखी धूळ वाईट. एन-९५ मास्क नीट बसवून घाला, घासकाम गॅलरीत करा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर शिवण घ्या, तांबडं सीडर नको. दोन-तीन वेळा असा त्रास झाला की डॉक्टरांना लाकडाचं नाव सांगा आणि ते लाकूड कायमचं बंद करा.